दिव्यांचं टोपरं

जळते मी. उगाच कशाला लपवू? माझी थोरली जाऊ दीपमाला, जिला आमची सगळी कॉलनी अक्का म्हणते, तिच्यावर मी माझा तन्मय जन्मल्यापासून जळतेय. जावाजावांची भांडणं पातेल्यांवरून होतात, वाटणीवरून होतात. आमच्यात तसलं काही नाही. तिने कधी माझ्या वाट्याची भाकरी लहान केली नाही की माझ्या माहेराला नाव ठेवलं नाही. ठेवलं असतं तर बरं झालं असतं, कडाकडा भांडून मोकळी झाले असते. तिने केलं ते एवढंच, की माझा मुलगा आपलासा करून घेतला.

नाव मी ठेवलं, तन्मय. पण घरात त्या नावाने हाक मारणारी मी एकटीच. अक्का त्याला 'आप्पा' म्हणते. दात न आलेल्या पोराला आप्पा! "मना आप्पा उठना का? मना आप्पाले भूक लागनी का?" आणि आप्पासाहेब अशी मान वळवून बघतात जसे काही गावचे सरपंच. मी "तन्मय" म्हटलं की पंख्याकडे बघतो.

मी धुळ्याला एका विमा कंपनीच्या शाखेत काम करते. बाळंतपणाची रजा संपली आणि जळगावच्या पिंप्राळ्याहून रोजची एसटी सुरू झाली. निघताना पोर झोपलेलं, परत यावं तर पेंगुळलेलं. मधला अख्खा दिवस अक्काचा. दूध मी काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पाजायचं तिने. पहिल्यांदा तो पालथा पडला तो तिच्यासमोर. पहिला घास तिने भरवला, मला फोनवर फोटो आला. ऑफिसात सगळ्यांना मी तो कौतुकाने दाखवला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

अक्काला मूल नाही. लग्नाला पंधरा वर्षं होत आली, देव झाले, डॉक्टर झाले. नवलभाऊ, म्हणजे तिचे मालक, ट्रकवर असतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तिची मला कीव यायला पाहिजे, एवढं मलाही कळतं. येतही होती, तन्मय होईपर्यंत.

तर श्रावणात मी ठरवलं, आता पुरे. धुळ्यात खोली घ्यायची आणि तन्मयला घेऊन तिथे राहायचं. ऑफिसच्या मागच्याच गल्लीत चांगलं पाळणाघर आहे, दुपारी जाऊन पाजता येईल. माझा नवरा हेमराज जळगावातच पाइपच्या कारखान्यात आहे, त्याने सुट्टीला यावं. खोली बघून ठेवली आणि घरी सांगितलं.

सासूबाईंनी कळण्याची भाकरी थापता थापताच निकाल दिला. "नोकरी तुझी आहे, तू जा. लेकराला कशाला परक्याच्या दारात टाकतेस? इथे दीपा आहे ना."

"आई, तो माझा मुलगा आहे."

"मग कोणी नाही म्हटलं का? पण तो कोणाजवळ राहतो ते बघ ना. तुझ्याजवळ दिलं की दीपाकडे हात करतो."

हेमराजला विचारलं तर त्याचे नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात. "तू म्हणतेस तेही बरोबर, आई म्हणते त्यातही तथ्य आहे." अक्का मात्र तन्मयला खांद्यावर टाकून अंगणात गेली आणि त्याला कावळे दाखवत बसली. 'माय मरो, मावशी जगो' म्हणतात ना, आमच्याकडे मावशीच्या जागी काकी आहे, एवढाच फरक.

नेमकी याच आठवड्यात सुनिता आली.

सुनिता पावरा ही चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची मुलगी. मेहरूणला तलावाजवळ एका संस्थेत ती पीएच.डी. करते. तिचा विषय असा, की ज्या घरात बाळाच्या कानावर दोन बोली पडतात, एक शाळेतली मराठी आणि एक आपली खान्देशी, त्या बाळाचा मेंदू दोन्ही कशा ऐकतो. आमच्या घरात माझी बोली शाळेतली, कारण माझे आईवडील दोघेही शिक्षक. अक्काची पक्की अमळनेरकडच्या खेड्यातली. आम्ही सुनिताच्या कामाला अगदी सोन्यासारख्या सापडलो.

"बाळाला काही टोचायचं नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आजी. नुसता उजेड." तिने पिशवीतून एक लहानसं काळं, ताणणारं टोपरं काढलं. त्याला आतून बारीक बारीक बटणं होती. तिने मोबाईलची बॅटरी लावली आणि तन्मयचा तळहात तिच्यावर धरला. हात लालभडक दिसायला लागला. "बघा, उजेड मांसातून आरपार जातो. माझा उजेड याच्याही पलीकडचा आहे, डोळ्यांना दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटमधून असतो ना, तसला. एका बटणातून तो डोक्यात जातो, हाडाखालून फिरून शेजारच्या बटणात परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ताजं रक्त धावतं. ताजं रक्त उजेड वेगळा पितं, शिळं रक्त वेगळा. परत किती आला त्यावरून कळतं, कुठला भाग जागा झाला."

"म्हणजे कोणाच्या आवाजाने जागा होतो ते दिसेल?" मी विचारलं.

"कोणत्या बोलीने, ते," ती म्हणाली. "पण एका बाळावरून मी काहीच सांगू शकणार नाही. पुष्कळ बाळांची सरासरी काढावी लागते."

तिचं दुसरं वाक्य आमच्या घरात कोणी ऐकलंच नाही. मीही नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की हे यंत्र सांगेल पोर कोणाचं आहे ते. सासूबाईंच्याही डोक्यात तेच बसलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "होऊन जाऊ दे."

आधी आमचे आवाज टेप करून घेतले. मी घरी असताना माझा. सुनिता म्हणाली, रोज बोलता तसं बोला. पण समोर माईक आला की माणसाचं काय होतं! "तन्मय, हा बघ चेंडू. चेंडूचा रंग लाल आहे. लाल चेंडू कुठे आहे?" असं मी आकाशवाणीवर बाजारभाव सांगावेत तसं बोलले. अक्काचा आवाज तिने एका संध्याकाळी घेतला, मी तेव्हा बसमध्ये होते. काय बोललात म्हणून मी अक्काला दोनदा विचारलं. "काही नही व, रोजनंच," एवढंच म्हणाली आणि गालात हसली. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पहिली चाचणी रविवारी होती. खोली थंड, अंधारलेली. तन्मय माझ्या मांडीवर, डोक्याला दिव्यांचं टोपरं. माझ्या कानांवर मोठे हेडफोन आणि त्यात बासरी लावलेली, कारण बाळाला धरणाऱ्या माणसाने आवाज ऐकला की ते नकळत हलतं आणि बाळाला कळतं. बाजूच्या पडद्यावर रेघा. सुनिताने आधीच सांगून ठेवलं होतं, आवाज सुरू झाला की थोड्या वेळाने लाल रेघ चढायला पाहिजे आणि निळी उतरायला.

आवाज सुरू झाला. सुनिताने तशी खूण केली आणि मी रेघेकडे डोळे फाडून बघत बसले. रेघ जिथल्या तिथे. थोडी थरथरली, आणि परत आडवी. पुन्हा माझा आवाज, पुन्हा काही नाही. अहो, नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर, आणि आईच्या आवाजाला एवढीही चढण नाही! मग तन्मयने टोपरं ओढलं, भोकाड पसरलं, आणि अक्काच्या आवाजाची पाळी येण्याआधीच काम थांबवावं लागलं. सुनिता कपाळाला आठ्या घालून काहीतरी बघत होती. "राहिलेलं बुधवारी करू," म्हणाली.

बुधवारी मी धुळ्याला. अक्का आणि सासूबाई रिक्षाने त्याला घेऊन गेल्या. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर अर्धी कॉलनी ओट्यावर.

"मेघा, तू पाहिजे होतीस," सासूबाई म्हणाल्या. "दीपाचा आवाज लावला आणि लाल रेघ अशी चढली म्हणतेस! अशी!" त्यांनी हात डोक्याच्या वर नेला.

आणि अक्का? मिरवत होती. समोरच्या धुरपदाबाईंना सांगत होती, "मना आवाजवरी आप्पाना डोकामा दिवाई व्हयनी!" डोक्यात म्हणे दिवाळी झाली. दूधवाल्याला सांगून झालं होतं, इस्त्रीवाल्याला सांगून झालं होतं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी चपला न काढताच आत गेले आणि तन्मयला तिच्या मांडीवरून उचललं. तो रडायला लागला. मी तसाच घट्ट धरून ठेवला.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी निकाल पक्का केला. आता मशीनसुद्धा सांगतं म्हणाल्या. हेमराजने भाजीत भाकर कुस्करत म्हटलं, "वर्षभर राहू दे ना इथेच. खोलीवाल्याला कळवून टाक." मी कळवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मला पहिल्यांदा वाटलं की हरले मी. माझ्या मुलाच्या डोक्यात मी नाहीच.

त्यानंतर दोन दिवसांनी सुनिताचा ऑफिसात फोन. "मेघाताई, तुमची पहिली नोंद मला धरता येत नाहीये. दोन्ही कानांच्या वरून उजेड परतच आलेला नाही. बटणं नीट बसली नसतील. या रविवारी परत याल का? दोन्ही आवाज एकाच दिवशी घेऊ."

मी एवढ्या मोठ्याने "हो" म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे तोताराम साहेब दचकले. म्हणजे रेघ मेलेली नव्हती! मला तर तिथेच पेढे वाटावेसे वाटले. मशीनचीच चूक होती.

रविवारी सगळा लवाजमा निघाला. सासूबाई, अक्का, मी, तन्मय. मी त्याला स्वतः आंघोळ घातली. डोक्याला तेल लावू नका म्हणून सुनिताने बजावलं होतं, ते मी कटाक्षाने पाळलं. पहिल्या वेळीही पाळलं होतं.

तन्मयला मांडीवर घेतलं, टोपरं चढवलं. सुनिताने यंत्र लावलं आणि मान हलवली. "पुन्हा तेच. दोन्हीकडे अंधार." तिने टोपरं काढलं, कानाच्या वरचं मऊ जावळ बोटांनी बाजूला सारलं, खाली वाकून बघितलं. मग कापूस ओला करून तिथे फिरवला. कापूस काळाकुट्ट झाला. दुसऱ्या कानावर फिरवला, तोही काळा.

"हे काय आहे?"

"काजळ," सासूबाई म्हणाल्या. "तीट दिसतेय."

"केसांच्या आत? आणि दोन्हीकडे?"

मी तन्मयचं झबलं सारखं करायला लागले. मला तेल लावू नका एवढंच सांगितलं होतं. काजळाचं कोणी बोललं नव्हतं. आणि तीट म्हणजे काय काही 'लावलेलं' असतं का? बाळाच्या अंगावर ती असतेच. कपाळावर लावली तर दिसते, आणि दिसली की घरातलं माणूस विचारतं, कोणासाठी? म्हणून मी जावळाखाली लावायचे. घरात रोज ज्या एका माणसाची नजर त्याच्यावर असते त्या माणसासाठी. एकाने भागेल की नाही, म्हणून दोन्ही बाजूंना. बी.कॉम. झालेय मी, नजरबिजर काही मानत नाही. पण पोटची आग काय डिग्री विचारते?

सुनिता म्हणाली, "काजळ म्हणजे काजळी. ती उजेड गिळून टाकते, मी कितीही सोडला तरी. म्हणून तुमची रेघ उठली नाही, मेघाताई. पण मग बुधवारी स्वच्छ कसं होतं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मग अक्काकडे. त्यांना उशिरा का होईना, उमगायला लागलं होतं. "कोणाच्या नजरेसाठी लावली ही तीट?" त्यांनी विचारलं.

"मी लावी," अक्का म्हणाली. "मीच लावस रोज. आप्पा भलता गोरा दिसस ना."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी इतका राग आला म्हणून सांगू! दूध पाजते ती, घास भरवते ती, आता माझं पापसुद्धा तिलाच पाहिजे? माझं म्हणून काही शिल्लक ठेवणार की नाही ही बाई?

"खोटं बोलताहेत त्या," मी म्हटलं. "मी लावली. मीच लावते."

मग अक्काने सुनिताच्या हातातून कापूस घेतला आणि तन्मयच्या कानावर राहिलेला डाग पुसायला लागली. "माले माहीत शे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू मोटारवर गयी का सकाये मीच धुवस. तुना हात भलता जड शे मेघा. साबण लावना पडस." रोज सकाळी, मी बसला गेले की, ती तिच्याविरुद्ध लावलेली तीट धुऊन टाकत होती. दुपारी त्याच डोक्याचे मुके घेत होती. आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मला तिचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"लावू का सुरू?" सुनिताने विचारलं. तिला आमच्या घरातल्या या उजेडाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ते बरंच होतं.

टोपरं पुन्हा चढलं. माझ्या कानांवर हेडफोन, त्यात बासरी. आधी माझा आवाज लावला असणार, कारण सुनिताने माझ्याकडे बोट केलं. मी पडद्याकडे बघत राहिले. आणि लाल रेघ उठली. आधी बिचकत, मग चढत गेली, निळी खाली सरकली. सासूबाईंनी पुढे वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. ओळखतो! चेंडूचा रंग लाल आहे, असल्या भिकार वाक्यालासुद्धा ओळखतो माझं पोर! मला तिथेच उठून अक्काला म्हणावंसं वाटलं, बघा, झाली ना माझीही दिवाळी?

मग तन्मयचं अंग बदललं. तो मूठ चोखत होता ती त्याने तोंडातून काढली आणि स्पीकरकडे वळला. पाय हलायचे थांबले. मला कळलं की अक्काचा आवाज लागलाय. रेघ चढत होती. माझ्याहून वर की खाली, सांगता येत नव्हतं. मला राहवेना. असं काय बोलते ही बाई त्याच्याशी? काय मंत्र घालते? मी खांदा वर करून एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"दख आप्पा, आते तुनी माय धुयाथून निंघनी व्हई," अक्काचा आवाज सांगत होता. "मोटारमा बसनी. जागा भेटनी व्हई का नही काय माहीत. आते पारोया उना. आते एरंडोल उना, दख. आते पायधी. आते उनीच तुनी माय. दमनी व्हई रे ती, दिनभर बठ्ठी दमनी व्हई. तिले दखीसन हासजो बरं का. रडजो नको. माय उनी का कसं हासतंस? हास दखू."

आणि पुन्हा पहिल्यापासून. धुळं, पारोळं, एरंडोल, पाळधी. माय निघाली, माय आली.

रोज संध्याकाळी मी दार उघडते तेव्हा तन्मय हसतो. पेंगुळलेला असला तरी हसतो. तेवढं एक माझं स्वतःचं आहे असं मी समजत होते. दिवसभर ऑफिसात मी तेवढ्यावर काढत होते. आणि तेही तिनेच शिकवलेलं निघालं. माझ्यावर प्रेम करायलासुद्धा माझं पोर तिच्याकडे शिकलं! मी हुंदका आवरायचा प्रयत्न केला, पण तो आलाच. तन्मयने स्पीकर सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मेघाताई, हेडफोन!" सुनिता ओरडली. "गेलं सगळं. आता ही नोंदही धरता येणार नाही."

"तुमची लाल रेघ काय सांगते मग?" बाहेर आल्यावर सासूबाईंनी तिला विचारलं. "कोणाची जास्त?"

"आजी, ती रेघ म्हणजे माया नाही. रक्त आहे," सुनिता वैतागून म्हणाली. "दोन्ही आवाज त्याच्या ओळखीचे आहेत. याच्यापुढे एका पोराचं मला विचारू नका."

पण सासूबाईंना पुरेसं कळलं होतं. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "ने बाई तुझ्या लेकराला धुळ्याला. ओळखतो तो तुला. उगाच माझ्या माथी नको." म्हणजे मी जिंकले. मला हवं होतं ते मला मेहरूणच्या रस्त्यावर, रिक्षाच्या खडखडाटात मिळालं. अक्का पलीकडच्या कडेला बसली होती, मांडीवर तन्मय, आणि त्याच्या पायातला सुटलेला मोजा ती पुन्हा पुन्हा वर ओढत होती.

"अक्का," मी म्हटलं, "रोज सांगता त्याला, बस कुठे आली ते?"

"मंग? तो दारकडे दखत राहस ना."

"आणि बसला उशीर झाला तर?"

"तं मी मोटारले पारोयाले थांबाडी ठेवस," ती म्हणाली. "चहा प्यावाले."

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. दारात उतरल्यावर म्हटलं, "खोली नको म्हणून कळवते मी. दिवाळीपर्यंत तरी जाऊन येऊन करते. मग बघू."

सासूबाई बघतच राहिल्या. अक्काने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आभार तर नाहीच नाही. तन्मयला मात्र तिने इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

"पण माझी एक अट आहे," मी म्हटलं. "बस कुठे आली ते खुशाल सांगा. पण मला बघून हास, रडू नको, हे उद्यापासून सांगायचं नाही. हसायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू द्या."

"बरं," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराच्या पायऱ्या मी मुद्दाम सावकाश चढले. अट घालताना मोठा तोरा होता, आता भीती वाटत होती. त्याने पंख्याकडे बघितलं तर? दार उघडलं. अक्का भिंतीला पाठ लावून बसली होती, ओठ घट्ट मिटून, मान दुसरीकडे वळवून. शब्द पाळत होती. तन्मय सतरंजीवर बसलेला. त्याने माझ्याकडे बघितलं.

हसला नाही. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तो रडायला लागला. असा रडला, असा रडला, दोन्ही हात माझ्याकडे पुढे करून, श्वास अडकेपर्यंत. असं रडताना मी त्याला आजवर एकाच प्रसंगी बघितलं होतं, अक्का उठून दुसऱ्या खोलीत गेली की. मी पर्स कुठे टाकली मला माहीत नाही, पण मी दारातच खिळले होते. मला ते पुरतं बघायचं होतं.

अक्काने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या त्या पसरलेल्या हातांकडे. मग भिंतीला हात लावत उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"घे ना व माय त्याले," ती पाठमोरीच म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच कडवट ऐकला. "उभी काय राह्यनी? तुनाच शे ना तो."